चार महिन्यांचं बाळ घेऊन विमानाने माहेराहून परत निघताना

माझं बाळंतपण नागपूरला माहेरी झालं आणि लेक चार महिन्यांची झाल्यावर मी तिला घेऊन बंगळुरूला परत निघाले, नवऱ्याची सुट्टी केव्हाच संपलेली त्यामुळे मी एकटी, कडेवर बाळ, खांद्याला पिशवी आणि पोटात गोळा. ट्रेनचा विचार केला होता, पण रात्र आणि दिवस मिळून एवढ्या तासांचा प्रवास एकटीने नको असं आईबाबांचं ठाम मत पडलं, आणि विमान पावणेदोन तासांचं. तेव्हापासून लेकीबरोबर बरेचदा विमानात बसून झालं, एकदा मुंबईहून लंडनलाही जाऊन आलो, त्यामुळे आता नात्यात कोणाचं बाळंतपण झालं की फोन मलाच येतो. प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढते.

आधी एकच गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. आपण सगळे घाबरतो ते विमान हवेत असतानाच्या वेळेला. तो वेळ खरंतर सोपा जातो, कारण इंजिनाच्या एकसुरी आवाजाने लहान बाळं बहुतेक वेळा झोपून जातात. अवघड असतो तो विमान खाली येतानाचा अर्धा तास आणि घराचं दार ओढून घेतल्यापासून सीटवर टेकेपर्यंतचा वेळ. तयारी या दोन गोष्टींची करायची.

कधी निघायचं

एअरलाइन्स काही दिवसांच्या बाळालाही घेतात, प्रत्येकीचा नियम वेगळा असतो आणि अगदी नवजात असेल तर डॉक्टरांचं फिट टू फ्लाय सर्टिफिकेट मागतात. पण घेतात म्हणून न्यायलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत, ते मला योग्यच वाटतं, आणि जमत असेल तर तीन महिने पूर्ण होऊ द्या. सहा आणि दहा आठवड्यांच्या लसी तोवर होऊन जातात, बाळाची मान थोडी धरायला लागते आणि दूध प्यायच्या वेळांचा काहीतरी अंदाज आईला आलेला असतो.

लसीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फ्लाइट घेऊ नका. पेंटाव्हॅलंट लसीनंतर ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिरं होतं, त्यात प्रवास म्हणजे दोघींचे हाल. मध्ये तीन-चार दिवस ठेवा.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहून आलं असेल, हृदयाचा किंवा श्वासाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढूच नका. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, सहा ते आठ हजार फूट उंच डोंगरावर असतो तसा असतो, म्हणजे ऑक्सिजन थोडा कमी मिळतो. निरोगी बाळाला त्याने काही होत नाही, पण ज्याची फुप्फुसं नाजूक आहेत त्याचं तपासून घ्यायलाच हवं. सर्दी झाली असेल तरी एकदा कान दाखवून घ्या, नाक चोंदलेलं असताना उतरताना कान फार दुखतात. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, दोन-तीन दिवस पुढे ढकला.

वेळ निवडताना ऋतू बघा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारची फ्लाइट अजिबात नको, ४४-४५ डिग्रीत विमानाला थेट जोडणारा पूल (एरोब्रिज) नसेल तर बस आणि शिडी करताना बाळ लालबुंद होतं, शिवाय दुपारी गरम हवेमुळे विमान हलतंही जास्त. उन्हाळ्यात सकाळची पहिली फ्लाइट. डिसेंबर-जानेवारीत मात्र उलटं, उत्तरेकडच्या धुक्याने पहाटेच्या फ्लाइट रखडतात आणि मग दिवसभराचं वेळापत्रक घसरतं, तेव्हा अकरा-बाराची बरी पडते.

कागदपत्रं, आणि इथे आपल्या बारशाचा घोळ

देशातल्या देशात जाताना बाळाचं वेगळं ओळखपत्र लागत नाही, आईवडिलांचं पुरतं. पण बाळ दोन वर्षांच्या आतलं आहे याचा पुरावा एअरलाइन मागते. जन्मदाखला असेल तर उत्तम, नसेल तर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड, ज्यावर जन्मतारीख आणि आईचं नाव स्वच्छ वाचता येतं असं काहीही. मूळ कागद पिशवीत आणि फोटो मोबाइलमध्ये, दोन्ही ठेवा.

घोळ असा होतो की जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते, हॉस्पिटल माहिती पाठवून देतं, पण तोपर्यंत आपल्याकडे बारसं झालेलं नसतं, झालं असलं तरी आत्याने कानात सांगितलेलं एक नाव आणि घरात ठरलेलं दुसरं, त्यामुळे दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरीच राहते. वर्षभराच्या आत ते नाव विनाशुल्क घालून मिळतं, नंतर लेट फी लागते. हे काम महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात बाळंतपणाच्या रजेतच उरकून घ्या, नंतर दुसऱ्या शहरात गेलं की फक्त याच्यासाठी परत यावं लागतं. आणि जे नाव, जे स्पेलिंग दाखल्यावर तेच तिकिटावर, तेच पुढे पासपोर्टवर. लाडाचं नाव तिकिटावर टाकू नका.

तिकीट आणि सीट

दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर बसून जातं, त्याला वेगळी सीट नसते, ठरलेली फी किंवा परदेशी फ्लाइटला साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के असं काहीतरी लागतं. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ, त्यामुळे जुळी असतील तर दोन मोठी माणसं हवीतच. बाळ आपलंच आहे, मांडीवरच बसणार आहे, मग तिकिटात कशाला घालायचं, असं करू नका, इन्फंट म्हणून बुकिंग करावंच लागतं, नाहीतर काउंटरवर धावपळ होते. जाताना दोनच्या आत आणि येताना दुसरा वाढदिवस होऊन गेला असेल तर येतानाची पूर्ण सीट घ्यावी लागते, हेही तारखा बघूनच ठरवा.

सीटचं एक फार कोणाला माहीत नसतं. आपल्या देशातल्या बहुतेक फ्लाइट ज्या छोट्या विमानांच्या असतात, तीन इकडे तीन तिकडे अशी, त्यात प्रत्येक तीन सीटच्या वर ऑक्सिजनचे चार मास्क असतात. तो चौथा मास्क बाळाचा. म्हणून एका बाजूच्या तीन सीटमध्ये एकच बाळ बसवतात, आणि दोन मैत्रिणी आपापली बाळं घेऊन शेजारी शेजारी बसू म्हटलं तर क्रू उठवतात. एकीने पुढच्या रांगेत बसायचं. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत बाळाला बसूच देत नाहीत.

एकटीने निघाला असाल आणि बाळ अंगावर पीत असेल तर डोळे झाकून खिडकीची सीट घ्या. पाजताना आडोसा मिळतो, जाणाऱ्या-येणाऱ्याचा धक्का नाही, आणि ट्रॉली जाताना बाळाचे पाय बाहेर आलेत का ही काळजी नाही. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं, रांगायला लागलं की मग उलट, तेव्हा कडेची सीट, कारण दर दहा मिनिटांनी उठावं लागतं. मागच्या रांगांत आवाज जास्त असतो पण टॉयलेट जवळ आणि क्रू जवळ, मला तेच बरं वाटतं. शेजारी सीट रिकामी असेल तर काउंटरवर नम्रपणे विचारा की मधली सीट मोकळी ठेवता येईल का, फ्लाइट भरलेली नसेल तर बरेचदा देतात.

पिशवी

एकटीने असाल तर दोन्ही हात बाळासाठी मोकळे पाहिजेत, म्हणून पाठीवरची सॅक आणि पुढे बाळाला छातीशी बांधायचं कॅरियर. ट्रॉली बॅग चेक-इनमध्ये टाका. सॅक पण दोन भागांत भरा. एक छोटी कापडी पिशवी जी सीटखाली पायाशी राहील, आणि बाकीचं वर. उडताना आणि उतरताना वरचं कपाट उघडता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच शी होते.

त्या छोट्या पिशवीत मी ठेवते ते असं: तीन डायपर, वाइप्सचं लहान पाकीट, दोन झबली, पायजमा, एक दुपटं बदलण्यासाठी खाली घालायला आणि एक अंगावर घ्यायला, टोपडं, दोन-चार रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या, बाळाची एखादी ओळखीची वस्तू. आणि एक कुर्ता माझ्यासाठी. हा कुर्ता विसरू नका. बाळाचे कपडे सगळ्याजणी दोन जोड जास्त घेतात, पण बाळ उलटी करतं ते आपल्या अंगावर, आणि मग त्या वासात पुढचे तीन तास काढावे लागतात. डायपरचा हिशोब मी दर दोन तासांना एक आणि वर चार असा धरते. फ्लाइट लेट झाली तर हेच चार कामाला येतात.

केबिनमध्ये थंडी असते, हवा कोरडी असते. जाड स्वेटरपेक्षा सुती कपड्यांचे थर घाला म्हणजे काढता-घालता येतात. आईचं जुनं मऊ पातळ दुमडून शिवलेलं दुपटं माझ्याकडे आहे, त्याच्याइतकं कामाचं काहीच नाही, पांघरूण तेच, बदलायची चादर तीच, पाजताना आडोसा तोच.

वरचं दूध असेल तर पावडर प्रत्येक फीडपुरती मोजून कोरड्या डबीत, आणि थर्मासमध्ये उकळलेलं पाणी. क्रूकडे गरम पाणी मिळतं पण ते फार कढत असतं, त्यात आपलं उकळून गार केलेलं मिसळून मनगटावर थेंब टाकून बघायचं. बनवलेलं दूध दोन तासांच्या आत संपवा, उरलं तर ओता. काढून ठेवलेलं आईचं दूध नेणार असाल तर थंड पॅकच्या छोट्या बॅगेत ठेवा. दूध, बाळाचं पाणी, बाळाचं खाणं यांना १०० मिलीचा नियम लागू होत नाही, प्रवासापुरतं नेता येतं, फक्त सिक्युरिटीला आधीच बाहेर काढून सांगायचं की हे बाळाचं आहे.

आता माहेरची गोष्ट. निघताना आई ओटी भरते, आणि तो नारळ आपण भक्तिभावाने हातातल्या पिशवीत ठेवतो. केबिनमध्ये नारळ नेऊ देत नाहीत. सुकं खोबरं तर कुठल्याच सामानात नाही, कारण त्यातल्या तेलाने ते पेट घेऊ शकतं. माझ्या आईने हे कळल्यावर नारळ तिथेच वाढवून वडी करून दिली, ओटी पण राहिली आणि डबा पण आला. डिंकाचे-अळिवाचे लाडू खुशाल न्या, तुपाची बरणी चेक-इनमध्ये. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या सामानातच ठेवायची.

निघायचा दिवस

घरातून निघायची वेळ फ्लाइटच्या वेळेवरून ठरवायच्या ऐवजी बाळाच्या दुधाच्या वेळेवरून मागे मोजत या. समजा बाळ दर अडीच-तीन तासांनी पितं आणि फ्लाइट अकराची, साडेबाराला खाली यायला लागणार. तर एक फीड साडेबाराच्या आसपास पाहिजे, म्हणून त्याआधीचं साडेनऊच्या सुमारास सिक्युरिटी झाल्यावर, त्याआधीचं घरीच. अगदी असंच होत नाही, पण डोक्यात हा आराखडा असला की मध्येच किरकिर केली तर पोटभर पाजायचं की थोडंसं पाजून खेळवायचं हे कळतं.

विमानतळावर नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त धरा. बाळाच्या जन्मतारखेचा पुरावा बघायला बरेचदा काउंटरवरच बोलावतात. स्ट्रोलर असेल तर बहुतेक एअरलाइन्स फुकट नेतात, टॅग लावून गेटपर्यंत वापरू देतात, पण परत मिळताना कधी विमानाच्या दारात मिळतो, कधी बेल्टवर, म्हणून उतरल्यावर कॅरियर हाताशी हवंच. माझ्या मते सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देशातल्या प्रवासात स्ट्रोलर नकोच, घड्या घालत बसण्यातच जीव जातो.

सिक्युरिटीला बाळाला कॅरियरमधून बाहेर काढायला सांगतात, कॅरियर आणि स्ट्रोलर दोन्ही मशीनमधून जातं. बायकांची तपासणी पडद्याआड असते, बाळाला कडेवर घेऊनच आत जायचं. माझ्या लेकीच्या पायात आजीने घातलेले चांदीचे वाळे आणि कमरेला साखळी. त्या सीआयएसएफच्या ताईंनी हातातलं यंत्र फिरवलं, ते वाजलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा वाजलं, लेक दचकून रडायला लागली, मग मी तिचा पायजमा वर करून वाळे दाखवले तेव्हा त्या हसल्या आणि यंत्र बाजूला ठेवून हातानेच दुपटं चाचपून जाऊ दिलं. तेव्हापासून प्रवासाला निघताना वाळे, साखळी, बिंदल्या घरीच काढून डबीत. झोपलेलं बाळ एका वाळ्यासाठी उठवायला नको.

सिक्युरिटीनंतर पहिलं काम बेबी केअर रूम शोधणं. डायपर इथे बदला, ओला नसला तरी बदला. एका विमानतळावर त्या खोलीला चक्क कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच सांगता येईना, शेवटी साफसफाई करणाऱ्या मावशी धावत जाऊन किल्ली घेऊन आल्या आणि मी आत असेपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या. त्यामुळे बोर्डिंगच्या पाच मिनिटं आधी शोधू असं करू नका, आणि मदत लागली तर आजूबाजूच्या बाईमाणसाला बिनधास्त हाक मारा, बाळ बघितलं की माणसं खरंच धावून येतात.

बाळ असलेल्यांना आधी बोर्डिंग देतात. एकटीने असाल तर घ्या, सामान लावून स्थिरस्थावर होता येतं. दोघं असाल तर एकाने सामान घेऊन आधी जायचं आणि दुसऱ्याने बाळाला घेऊन अगदी शेवटी चढायचं, बंद विमानात बसून राहायची वीस-पंचवीस मिनिटं वाचतात.

विमानात

बसल्यावर क्रू एक छोटा पट्टा देतात, तो आपल्या बेल्टमधून ओवून बाळाच्या कमरेला लावायचा. दिला नाही तर मागून घ्या. आपला बेल्ट आपल्या आणि बाळाच्या भोवती मिळून लावायचा नाही, झटका बसला तर बाळ मध्ये चेंगरतं. कॅरियरमध्ये बांधून ठेवलेलं बाळही उडताना-उतरताना बाहेर काढायला सांगतात. बाळाचं लाइफ जॅकेट वेगळं असतं, ते कुठे आहे तेही विचारून ठेवा, क्रूला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता कान. आपल्या कानाच्या पडद्यामागे हवा असते, ती घशाशी जोडणाऱ्या एका बारीक नळीतून आत-बाहेर होते. विमान वर जाताना केबिनचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि नळीतून आपोआप बाहेर पडते, म्हणून चढताना सहसा त्रास होत नाही. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, आणि ती नळी उघडून हवा आत घ्यावी लागते. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाची नळी आपल्यापेक्षा अरुंद आणि आडवी असते आणि त्याला मुद्दाम गिळता येत नाही, त्याला फक्त चोखता येतं. चोखलं की गिळलं जातं आणि नळी उघडते. सगळा उपाय एवढाच.

पहिल्या प्रवासात मी नेमकी इथे चुकले. सगळ्यांनी सांगितलेलं की उडताना पाज, म्हणून मी गेटवर पाजलं, उडताना परत पाजलं, ती टम्म होऊन झोपली. खाली यायला लागल्यावर दचकून उठली, तोंड लाल, मुठी आवळलेल्या, डोकं एका बाजूला घासतेय, आणि छातीशी घेतलं तर तोंड फिरवतेय कारण पोटात जागाच नव्हती. शेवटी माझी करंगळी धुऊन तिच्या तोंडात दिली, चार-पाच वेळा ढकलली, मग एकदाची धरली. जबडा हलायला लागला, कानाच्या पाळीखालचा तो भाग वर-खाली होताना दिसत होता, आणि मिनिटभरात मुठी सुटल्या.

तेव्हापासूनचा माझा नियम: पोटभर फीड उतरतानासाठी राखून ठेवायचं. चढताना बाळ जागं असेल तर दोन-चार घोट किंवा पॅसिफायर, झोपलं असेल तर झोपू द्या. खरं फीड लँडिंगच्या अर्धा तास आधी सुरू. सीटबेल्टचा दिवा लागायची वाट बघू नका, विमान त्याच्या आधीच खाली यायला लागलेलं असतं, क्रूची घोषणा झाली किंवा आपल्या स्वतःच्या कानात जड वाटलं की सुरू करा. हळूहळू पाजा, मध्ये थांबून ढेकर काढा, परत लावा, म्हणजे चाकं टेकेपर्यंत पुरतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या. बाटली असेल तर बाळाला थोडं उभं धरून, आडवं पाजू नका. सर्दी असेल तर मी गाढ झोपलेल्या लेकीलाही हळूच पाय चोळून उठवते, झोपेत गिळणं कमी होतं.

आई मला निघताना म्हणाली होती, "अगं, कानात कापूस घाल तिच्या, वारा लागेल." कापसाने वारा अडतो, आवाज थोडा कमी होतो, दाबाचं काही होत नाही कारण काम पडद्याच्या आतल्या बाजूला आहे. आईचं मन राखायला टोपडं कानावर ओढलं, कापूस नाही.

रडलीच तर? रडू द्या, रडतानाही बाळ गिळतं आणि कान मोकळे होतात. शेजाऱ्यांची माफी मागत बसू नका, तेवढा वेळ बाळाकडे द्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजी मागे वळून "किती महिन्यांची आहे गं?" असं विचारून तिच्याशी बोलायला लागल्या आणि लेक त्यांच्या बांगड्या बघत गप्प झाली.

दाबामुळे पोटातली हवा पण फुगते, त्यामुळे शी होणारच असं धरून चला. बाळ बदलायची फळी सगळ्या टॉयलेटमध्ये नसते, कुठल्यात आहे ते क्रूला विचारा आणि पूर्ण पिशवी न नेता एक डायपर, वाइप्स आणि दुपटं एवढंच न्या, जागा फार कमी असते.

झोपेचं औषध आणि जायफळ

इथे मी जरा कडक बोलणार आहे. प्रवासात शांत झोपावं म्हणून सर्दीचं सिरप देणारे लोक मी बघितलेत. देऊ नका. क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत असं आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय, आणि लहान बाळात अशा औषधांनी श्वास मंदावू शकतो. काही बाळं तर उलट जास्त चिडचिडी होतात. दुधात जायफळ उगाळून द्यायचं हेही आपल्या घरांत प्रेमानेच सांगतात, पण जायफळ जास्त झालं तर ते विषासारखं काम करतं आणि सहाणेवर किती उगाळलं गेलं याचं माप कोणाकडेच नसतं. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध, बाकी काही नाही. गुटीतून मधही नाही, वर्षाच्या आत मध नकोच. तापासाठी पॅरासिटॅमॉल ड्रॉप्स पिशवीत असू द्या, डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

परदेशी जायचं असेल तर

बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो, आईच्या पासपोर्टवर जात नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच चालतो, दुसरं काही नाही, म्हणून वर त्या दाखल्याचा एवढा पाढा वाचला. दोघा आईवडिलांच्या सह्यांचं अॅनेक्शर डी नावाचं घोषणापत्र लागतं, आणि चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो घरून न्यायचा, मोठ्यांसारखा पासपोर्ट ऑफिसात काढत नाहीत. फोटोसाठी पांढरी चादर जमिनीवर अंथरून बाळाला झोपवा, वरून काढा, काजळ आणि तीट पुसून. फी १००० रुपये, आठ वर्षांखालच्यांना १० टक्के सूट, आणि पासपोर्ट पाच वर्षांचा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा, तिकडच्या इमिग्रेशनला विचारू शकतात. बाळ तिकडे जन्मलेलं असून त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा वगैरे असेल तर भारतात यायला त्याला व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) लागतं, आजी-आजोबांना भेटायची तिकिटं काढायच्या आधी ते बघा.

मोठ्या विमानात पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा मिळतो, त्याला बॅसिनेट म्हणतात. तो मर्यादित असतो, म्हणून बुकिंग झाल्या दिवशीच एअरलाइनला फोन करून मागा, वजनाची आणि उंचीची मर्यादा विचारा, साधारण दहा-अकरा किलोपर्यंत असते. लंडनच्या नऊ-दहा तासांत आमची लेक त्यात तीन-चार तास झोपली, पण विमान हलायला लागलं आणि बेल्टचा दिवा लागला की प्रत्येक वेळी तिला उचलून घ्यावं लागलं, तेव्हा सलग झोपेची आशा धरू नका. त्या भिंतीजवळच्या सीटचे हात वर होत नाहीत आणि उडताना-उतरताना पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, म्हणून डायपर आणि वाइप्स समोरच्या खिशात कोंबून ठेवा. आपण स्वतः पाणी पीत राहा, कोरड्या हवेत पाजणाऱ्या आईला फार तहान लागते.

उतरल्यावर

घाई करू नका, सगळे उतरू द्या. बंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीला आहे, शहरात यायला एक-दीड तास सहज लागतो, ट्रॅफिक असेल तर दोनही. म्हणून बेल्टवर सामान येईपर्यंत डायपर बदलून घ्या आणि पुन्हा थोडं पाजून मगच टॅक्सीत बसा. टॅक्सीत मागे बसा. घरची गाडी घ्यायला येणार असेल तर बेबी कार सीट आधीच लावून ठेवायला सांगा, नवऱ्याला आदल्या दिवशी बसवून बघायला लावा, पार्किंगमध्ये उभं राहून पट्टे शोधायला नकोत.

घरी पोचलं की पहिल्या दिवशी तेल-मालिश आणि शेक-धुरी राहू द्या, कोमट पाण्याने अंग पुसा आणि झोपवा. नवीन जागा, नवीन छत, संध्याकाळी बाळ जास्त रडतं, एक-दोन दिवसांत जुळवून घेतं. पण ताप आला, सारखं एकच कान ओढतंय किंवा त्या बाजूवर झोपवलं की किंचाळतंय, दूध सोडलंय, कानातून पाणी येतंय, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. नव्या शहरातल्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर निघण्याआधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि लसीकरणाचं कार्ड चेक-इनच्या बॅगेत नाही, त्या पायाजवळच्या छोट्या पिशवीत.